पहारेकऱ्यानंच आत घेतलं

गार्गीनं पाण्याची बाटली वास घ्यायला नाकाशी नेली, आणि तेवढ्यात कुणीतरी धाडकन तिच्या अंगावर येऊन आदळलं.

बाटली हातातून उडाली आणि दगडावर फुटली. गार्गी विहिरीच्या काठावरून मागच्या चिखलात उताणी पडली. डोळे उघडते तर काय, एक अनोळखी तरुण गुडघ्यांवर बसून तिचे गाल दाबत होता आणि जिवाच्या आकांतानं ओरडत होता, "थुक! आधी थुक! किती गेलं पोटात? आ कर म्हणतो ना!"

आता भर दुपारी, परक्या शेतात, परक्या माणसानं असं तोंड धरल्यावर कुठल्या मुलीनं काय करावं? गार्गीनं तेच केलं. खाडकन त्याच्या कानाखाली वाजवली.

त्याचं लक्षच नव्हतं. तो तिच्या तोंडाचा वास घेत होता... हो, वास! आणि मग एकदम तो मागं सरकला आणि ओल्या मातीतच बसला.

"काहीच नाही प्यायली?"

"पाणी होतं ते! या विहिरीतलं! आणि हे शेवाळलेलं पाणी मी काऊन पिऊ?" रागाच्या भरात गार्गीच्या तोंडून 'कशाला'ऐवजी 'काऊन' निसटलं. एरवी बुलढाण्याच्या कॉलेजात ती फार जपून बोलायची.

"तपकिरी बाटली..." तो पुटपुटला. "एकटी पोरगी, विहिरीचा काठ, बाटली तोंडाशी... मले वाटलं..."

गार्गीचा राग होता तिथंच थांबला. दोन हजार दहाचं साल होतं. बीटी कापूस गावोगाव पोचून आठेक वर्षं झाली होती, आणि त्या वर्षांत आपल्या भागात हातात बाटली घेऊन एकटं बसलेलं माणूस दिसलं की लोक काही विचारत बसत नसत, आधी धावत सुटत. आपल्या हातातली बाटली लांबून कशी दिसत असेल, हे गार्गीच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"माहा मोठा भाऊ," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "चार वर्षं झाली. मी कापसाच्या पऱ्हाटीत, त्या टोकाले होतो. धावत आलो, पण... पाच मिन्टं उशीर झाला."

 त्याच्या गालावर तिची बोटं लाल उमटली होती. भादव्याची झिमझिम सुरू होती आणि त्या बोटांवरून पाणी ओघळत होतं.

"फार... जोरात लागलं का?"

"बरं झालं मारलं. जिवंत हायेस हे तं समजलं," तो म्हणाला, आणि मग तिची कॉलेजची बॅग, अंगावरचा पांढरा कोट बघून ओशाळला. "म्हणजे... जिवंत हाय तुमी, मॅडम."

त्याचं नाव सोहम. देऊळखेडचं ते वावर त्याचंच, चिखलीपासून जीपनं अर्ध्या तासावर. गार्गीनंही सांगितलं : एमएस्सीचं शेवटचं वर्ष, विषय सूक्ष्मजीवशास्त्र, आणि ती जिल्ह्यातल्या विहिरींमध्ये अमीबा शोधत फिरत होती.

"काय शोधून राह्यल्या?"

"अमीबा. एका पेशीचा जीव असतो. डोळ्यांना दिसत नाही."

"जे दिसत नाही ते शोधाले एवढ्या दूर आल्या?" तो पहिल्यांदा हसला. हसला की त्याच्या गालावरची बोटंही हलायची. "द्या दुसरी बाटली. मी भरून देतो. पण एक करा... नाकाले लावू नका. माहा जीव जाते."

गार्गीनं दुसरी बाटली दिली. देताना बोटांना बोटं लागली, आणि दोघांनीही लागली नाहीत असंच दाखवलं.

*

देऊळखेडच्या त्या पाण्यानं प्रयोगशाळेत भलताच गोंधळ घातला.

गार्गीनं काचेच्या बशीत अमीबा पाळले होते, त्यात हे पाणी टाकलं. दुसऱ्या दिवशी बघते तर सगळे अमीबा फुटलेले! उरलं होतं ते जिवाणू ओळखायच्या जांभळ्या रंगात रंगलेल्या बारीक कणांचं पीक. तिच्या मार्गदर्शक राबिया मॅडमनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि त्या म्हणाल्या, "जिवाणू आहेत, बेटा. रंग कसा घेतलाय बघ. वाढव यांना."

पण ते कण कशावरच वाढेनात. गार्गीनं तेरा प्रकारची खाद्यं करून पाहिली. राबिया मॅडम वैतागल्या. "आणखी पाणी लागेल. दर आठवड्याला, त्याच विहिरीचं, ताजं."

"मी आणतो की," सोहम फोनवर लगेच म्हणाला. "सोमवारी माही बुलढाण्याले चक्कर असतेच."

त्याची कसलीही चक्कर नसायची, हे गार्गीला पुढं महिन्याभरानं कळलं. तो फक्त पाणी द्यायला पहाटेची एसटी पकडायचा.

गाडी साडेसातला पोचायची आणि प्रयोगशाळा उघडायची दहाला. गार्गीचं घर बसस्टँडमागच्या गल्लीत, म्हणून बाटल्या घरी द्यायच्या असं ठरलं. आणि इथंच सगळा घोळ झाला. कारण साडेसातला गार्गीचे बाबा, चिंतामणराव, व्हरांड्यात चहा घेत बसलेले असत.

बापलेक दोघंच होते घरात. गार्गी दहावीत असताना तिची आई गेली, तेव्हापासून चिंतामणरावांनी तिला एकट्यानं वाढवलं होतं. एका सरकारी कचेरीत ते लिपिक होते, आणि त्यांच्या टेबलावर कुठल्या फायली यायच्या? शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या. जबाब, पंचनामा, सातबारा जोडायचा, नियमात बसतं का ते बघायचं आणि वर एक शब्द लिहून साहेबांकडं पाठवायचं : पात्र, नाहीतर अपात्र. सात वर्षं ते हेच काम करत होते. घरी येऊन ते कधीच काही बोलत नसत. फक्त गार्गीच्या लग्नाचा विषय निघाला की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं असायचं.

"कापूसवाल्याच्या घरी मी पोर देणार नाही. मी रोज बघतोय काय होतं ते."

म्हणून त्या पहिल्या सोमवारी, सोहम दारात उभा होता आणि बाबा चष्म्यावरून बघत होते, तेव्हा गार्गी घाईघाईनं बोलून गेली, "हा सोहम, बाबा. आमच्या प्रयोगशाळेचं काम करतो."

खोटं होतं का ते? म्हटलं तर नव्हतं. सोहमच्या अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा होता, हातात बर्फाचा डबा, डब्यात चिठ्ठ्या लावलेल्या बाटल्या आणि वहीत तारीख, वेळ, पाण्याचं तापमान सुवाच्य अक्षरात लिहिलेलं. चिंतामणरावांनी वही हातात घेतली. अक्षर बघूनच ते खूश झाले.

"नोंद फार छान ठेवता हो! आमच्या कचेरीत असं कुणी ठेवत नाही. बसा, चहा घ्या."

झालं. दर सोमवारी चहा, मग पोहे, मग गप्पा. सोहम वाक्यावाक्याला चाचरायचा, पण बाबांना तो नम्रपणा वाटायचा. तो निघाला की व्हरांड्याच्या पायरीवर गार्गी हळूच म्हणायची, "घाबरतोस काय इतका?"

"तुह्या बाबाले नाही भेत."

"मग?"

"तू चहात साखर टाकताना माह्याकडं पाहून राह्यली होती. तीन चमचे टाकले. मोजले मी."

"मग प्यायलास कशाला?"

"तू देल्ला म्हणून..."

गार्गीचे कान तापले. 'मॅडम'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही आठवत नव्हतं.

*

दसऱ्यानंतर पुण्याहून फोटो आले. देऊळखेडचे ते हट्टी कण तिथल्या मोठ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले होते. राबिया मॅडमनी संगणकावर फोटो उघडला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि मटकन खुर्चीत बसल्या.

"या अल्ला... गार्गी, हा जिवाणू नाहीच. हा विषाणू आहे."

"काहीतरीच काय, मॅडम! विषाणू कधी आपल्या साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसतो का?"

"म्हणून तर फसलो! केवढा मोठा आहे बघ. सहा बाजू, वर केसांची झालर. बाहेरच्या देशात पहिल्यांदा असा सापडला तेव्हा तिथले लोकही त्याला जिवाणूच समजून बसले होते. आकार बघून फसले. आपणही तेच केलं."

गार्गीनं पडद्याजवळ तोंड नेलं. महिनाभराहून जास्त ती रोज त्याच्याकडं बघत होती, त्याला खाऊ घालायला धडपडत होती, आणि तो काय आहे हेच तिला ठाऊक नव्हतं!

"माणसं आजारी पडतात का यानं?" तिनं घाबरून विचारलं. देऊळखेडचे सगळे त्याच गावातलं पाणी पीत होते.

"माहीत नाही. नक्की कुणालाच माहीत नाही अजून. उगाच गावात भीती घालायची नाही. आपण एवढंच बघू, की माणसाच्या रक्तातली भक्षक पेशी याला आत घेते का. आपल्या अंगातला पहारेकरीच तो. कुणाचं तरी ताजं रक्त लागेल."

कुणाचं, हे विचारावंच लागलं नाही. पुढच्या सोमवारी सोहम बाही वर करूनच आला.

पण त्याच सोमवारी सकाळी घरात एक मोठाच धक्का बसला होता. सोहम व्हरांड्यात पोहे खात होता आणि बाबा स्वयंपाकघरात आले. पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडं ठेवला.

"गार्गी... हा मुलगा कसा वाटतो तुला?"

गार्गीच्या हातातलं उलथनं खाली पडलं.

"नाही म्हणजे... नोकरी आहे. लहान असेल, पण कायमची आहे ना? निर्व्यसनी दिसतो. अक्षर चांगलं आहे. मी म्हटलं, विचारावं. त्याच्या घरी कोण मोठं आहे?"

"वहिनी आहे," गार्गी कशीबशी म्हणाली.  बाबा स्वतःहून बोलत होते! तिनं काही मागितलं नव्हतं, काही केलं नव्हतं... फक्त एक गोष्ट सांगितली नव्हती.

*

"सापाले भेत नाही मी," सोहम सुईकडं बघत म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. "हातानं धरतो. पण हे काही..."

"तिकडं नको बघू. इकडं बघ," गार्गी म्हणाली.

"कुठं?"

"माझ्याकडं."

"मंग तं आणखीनच धडधडते..."

राबिया मॅडम खाकरल्या आणि सुई टोचली. सोहमला कळलंही नाही.

रक्ताचे थेंब काचेवर ठेवून ती काच उबेत ठेवायची, पेशी चिकटल्या की बाकीचं धुवायचं, मग त्यावर विषाणू सोडायचे. मध्ये वेळच वेळ होता. कॉलेजच्या मागच्या कट्ट्यावर गार्गीनं त्याला बाबांचं बोलणं सांगितलं. सांगताना ती शब्दाशब्दाला अडत होती. सोहम आधी तिच्याकडं बघतच राहिला. मग उठून उभा राहिला. मग पुन्हा बसला.

"खरं म्हणते? त्याहीनं सोता म्हटलं?"

"स्वतः!"

"अरे बापा..." त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बोटांच्या फटीतून तो हसत होता की रडत होता, गार्गीला समजेना. "मले कोण पोरगी देते व? तीन ठिकाणी झालं बोलणं. शेती म्हटलं की चहा पण अर्धा ठेवून उठतात लोक."

त्यानंतरचे दोन तास दोघंही नुसते तरंगत होते. पाऊस येऊन गेला, ते भिजले, आणि कुणी विचारलं असतं तर पाऊस आला होता हेही त्यांना सांगता आलं नसतं.

चारच्या सुमाराला राबिया मॅडमनी हाक मारली. सोहमनं आयुष्यात पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"हे... हे माह्या अंगातले हाय?" तो दचकून मागं झाला. "हालून राह्यले ना हे!"

"हालणारच. पहारेकरी आहेत ते," राबिया मॅडम म्हणाल्या. "बाहेरचा जिवाणू दिसला की गिळतात आणि पोटात जिरवून टाकतात. आता त्याच्या शेजारचा बारीक कण बघ. तो आपला देऊळखेडचा."

सोहम बघत राहिला. पेशीनं अंगाचा एक पदर पुढं केला. कणाच्या एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. आणि कण आत गेला.

"गिळला! जिंकला ना मंग आपला गडी?"

"इथंच तर गंमत आहे. लहान विषाणू कुलूप शोधतो, चोरासारखा शिरतो. हा काहीच करत नाही. जिवाणूएवढा दिसतो, म्हणून पहारेकरी त्याला खाणं समजतो आणि स्वतःच आत घेतो. आत गेल्यावर विषाणूच्या एका टोकाला चांदणीसारखं पाच पाकळ्यांचं दार आहे, ते उघडतं. त्याच्या आतलं अस्तर पेशीच्या पोटाच्या भिंतीला चिकटतं, आणि त्याचा सगळा ऐवज पेशीत ओतला जातो. मग पेशी स्वतःचं काम विसरते. त्याचीच पिल्लं तयार करत बसते. शेकड्यांनी."

"न मंग?"

"मग फुटते. मरते. अमीबाचं तर रोज बघतोय आपण. तुझ्या पेशींचं काय होतं ते उद्या कळेल."

सोहमनं डोळा काढला. चेहऱ्यावरचं हसू पार गेलं होतं.

"म्हणजे... ज्यानं घरात घेतलं, त्यालेच मारते?"

"त्यालाच."

तो बाही खाली करून उठला. गार्गीला वाटलं, रक्त दिल्यानं चक्कर येत असेल. पण फाटकाबाहेर पडल्यावर तो बसस्टँडच्या उलट बाजूला, तिच्या घराकडं चालायला लागला.

"कुठं निघालास?"

"तुह्या बाबाले सांगाले."

गार्गी त्याच्या आडवी आली. "वेडा आहेस का! अरे, आत्ता कुठं ते स्वतःहून... थोडे दिवस थांब. लग्न ठरू दे, मग हळूहळू..."

"हळूहळू काय? ते मले भलतंच समजून आत घेऊन राह्यले, गार्गी. चहा पाजून राह्यले. पोरगी देऊन राह्यले. मी खोटं नाही बोललो, पण खरंही नाही बोललो. एक दिवस समजन त्याहीले. तवा काय होईन त्या माणसाचं?"

"खोटं मी बोलले! तू नाही!"

"मी पोहे खाल्ले ना पण?" तो तिच्याकडं वळला. "मले तू पायजे. लई पायजे. पहाटं चारले उठतो ते काय पाण्यासाठी उठतो? पण असा नाही येनार मी तुह्या घरात."

भर रस्त्यात त्यानं पहिल्यांदा मनातलं सांगितलं, आणि तेही तिला गमवायला निघताना. गार्गीला रडूही येत होतं आणि त्याचा भयंकर रागही येत होता. ती त्याच्या मागं धावत सुटली.

चिंतामणराव नुकते कचेरीतून येऊन चपला काढत होते. सोहमनं दारातूनच सांगितलं. बसला नाही.

"काका, मी प्रयोगशाळेत नोकरीले नाही. देऊळखेडले सहा एकर हाय आमचं. कापूस लावतो. ते पाणी आमच्याच विहिरीचं. माह्या मोठ्या भावानं चार वर्षांआधी औषध घेतलं. घरी वहिनी हाय, प्रेमला नाव तिचं. तुमाले पहिल्याच सोमवारी सांगाले पायजे होतं."

चिंतामणरावांच्या हातात एक चप्पल तशीच राहिली. ते आधी सोहमकडं बघत होते, मग गार्गीकडं.

"बाबा, चूक माझी आहे. मीच म्हणाले होते..."

"देऊळखेड," ते एवढंच म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मग ते आत गेले आणि दार लावून घेतलं.

*

सहा दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. देऊळखेडहून फोन आला नाही. सोहमच्या पेशींपैकी निम्म्या दुसऱ्या दिवशी काचेवर उरल्या नव्हत्या, राबिया मॅडम आनंदानं वेड्या व्हायच्या बाकी होत्या, आणि गार्गी मात्र रिकाम्या जागा मोजताना रडत होती. पेशी मेल्यात म्हणून कुणी असं रडतं का, असं मॅडमनी विचारलंसुद्धा.

रविवारी सकाळी बाबा कपडे घालून तयार. "चल. देऊळखेडला जायचंय."

"कशाला, बाबा?"

"नाही म्हणायचं तर माणसाच्या तोंडावर म्हणावं. निरोप पाठवून नाही."

गार्गीनं विनवण्या केल्या, पण चिंतामणराव ऐकणारे नव्हते. एसटी, मग जीप. सात वर्षं ज्या गावांच्या फायली चाळल्या, त्यातल्या एकाही गावात त्यांनी पाय ठेवला नव्हता, हे गार्गीला त्या दिवशी जीपमध्ये कळलं.

वेचणीचे दिवस होते. ओसरीच्या कोपऱ्यात छतापर्यंत कापूस. सोहम त्यांना बघून जागच्या जागी थबकला. आतून प्रेमलावहिनी पाण्याचा गडवा घेऊन बाहेर आल्या, तिशीच्या आतबाहेरच्या. त्यांनी चिंतामणरावांकडं बघितलं आणि गडवा हातातच राहिला.

"साहेब... तुमी?"

चिंतामणरावांनी मान खाली घातली. "ओळखलंत?"

"मी कशी विसरीन बापा?"

 म्हणजे ती फाईल! देऊळखेडची फाईल बाबांच्याच टेबलावर आली होती. आणि ज्या गावाच्या नावानं त्यांचा चेहरा पांढरा पडला, त्या गावच्या कागदावर बाबांनी काय लिहिलं होतं, हे तिला विचारायची गरजच उरली नाही.

"अपात्र," चिंतामणराव स्वतःच म्हणाले. "सातबारा तुमच्या सासऱ्यांच्या नावावर होता. तुमच्या मालकांच्या नावावर नव्हता. नियमात बसत नव्हतं, बाई. पण लिहिलं मीच. आणि आज या घरी..."  ते परत वळायलाच लागले.

"बसा," प्रेमलावहिनी म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण चिंतामणराव बसले. "आठ खेपा मारल्या व्हत्या मी. रोजी बुडवून. ज्याले पुसावं तो म्हने, पुढच्या सोमवारी या. नवव्या खेपेले तुमी मले खुर्ची देल्ली, पाणी पाजलं, न सांगतलं, बाई, हे होनार नाही. तुमचा माणूस गेला हे खरं हाय, पण कागदात बसत नाही. आता परत येऊ नका. आठवते?"

"आठवतं. त्या दिवशी मी जेवलो नव्हतो."

"मी लई रडली. पण दुसऱ्या दिवशी निंदनाले गेली वावरात. नाही तं अजून तुमच्या त्या बाकड्यावरच बसून असती मी. तुमी एकटेच खरं बोलले, साहेब." त्यांनी डोळे पदरानं पुसले. "आजही खरंच बोला. सोहमनं सांगतलं मले सारं. पोर द्याची नसन तं सांगून टाका. तुमच्या तोंडून आयकाची मले सवय हाय."

 गार्गी सोहमकडं बघू शकत नव्हती. बाबांचा स्वभाव तिला माहीत होता. जे बोलायला आले ते बोलून जाणारा माणूस.

चिंतामणराव सोहमकडं वळले.   "याला मी काही विचारलं नव्हतं," ते त्याच्याकडं बोट करून म्हणाले. "आयती मुलगी मिळत होती. गप्प बसला असता तरी चाललं असतं. दारात उभं राहून सगळं सांगितलं यानं... मी नाही म्हणायलाच आलो होतो, बाई. शपथ घेऊन आलो होतो." त्यांनी ओसरीवरच्या पानसुपारीच्या तबकातली एक अख्खी सुपारी उचलली.  सोयरीक ठरली की दोन्ही घरच्या मोठ्यांनी सुपारी फोडायची, ही आपल्याकडची रीत. त्यांनी ती सुपारी प्रेमलावहिनींच्या पुढं धरली. "ही फोडा."

वहिनी दोन पावलं मागं सरकल्या. "माय वं! मी? मी कशी फोडू? कुंकू नाही माह्या कपाळाले... शेजारच्या सिंधूताईले बोलावते, थांबा."

"या घरात मोठं कोण आहे?"

"...मीच हाय."

"मग सिंधूताईंचं काय काम? माझी एकुलती एक पोर आहे. ज्यांच्या घरी ती येणार, त्यांनीच फोडायची. नाहीतर मी चाललो."

प्रेमलावहिनींनी पदर सावरला. चार वर्षं कुणाच्या हळदीला, कुणाच्या बारशाला त्यांना कुणी पुढं बोलावलं नव्हतं. सोहमनं आतून अडकित्ता आणला आणि त्यांच्या हातात दिला. पहिल्यांदा सुपारी निसटून कापसात पडली. सगळे गुडघ्यांवर बसून शोधायला लागले, सरकारी लिपिकसुद्धा. दुसऱ्यांदा वहिनींनी ओठ घट्ट दाबले आणि अडकित्ता दाबला. कट्ट झालं, आणि त्या तिथंच खाली बसून हमसून हमसून रडायला लागल्या.

गार्गी त्यांच्या शेजारी बसली. तिचा हात त्यांच्या पाठीवर होता, आणि तिच्या केसांतला कापूस काढायच्या निमित्तानं सोहम अगदी जवळ वाकला होता.

"गार्गी... मी तुले अजून पुसलंच नाही ना."

"काय?"

"लगन करशीन का माह्याशी?"

"आत्ता विचारतोस? सुपारी फुटल्यावर?"

"तरी पण... तू सांग ना. नाही म्हटलं तरी चालन. खरं सांग फक्त."

गार्गीनं बाबांकडं पाहिलं. ते भिंतीकडं तोंड करून चष्मा पुसत होते. मग तिनं सोहमकडं पाहिलं, सरळ, डोळे न चुकवता, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा मोठ्यानं आपल्या बोलीतच होकार दिला, "हाव!"